पिवळं सूत

सूतगिरणी पाडून मालकाने तिथे डोळे दिपवणारी बाग उभारली. पहिल्याच दिवशी गिरणीतली म्हातारी कामगारीण गर्दीतून थेट गुलाबाच्या मांडवाखाली आली. इथेच तिच्या धाकट्या बहिणीची वेणी यंत्रात अडकली होती. "यंत्र थांबवा!" म्हणून ही थोरली जिवाच्या आकांताने ओरडली, तेव्हा मालकाने दरडावलं होतं, "सूत तुटता कामा नये!" बहीण गेली, सूत नाही तुटलं. आता तोच काठी टेकत जवळ आला, तिला न ओळखता म्हणाला, "बाई, आवडला ना मांडव? पोटच्या पोरासारखा वाढवलाय." "दृष्ट लागण्यासारखा आहे हो!" तो वळताच तिने अंबाड्यातून अमरवेलीचा पिवळा तंतू काढला आणि तुटलेलं सूत जोडायची तसाच चिमटीत पीळ देऊन कोवळ्या फांदीला गुंडाळला. वर्षभरात वेल अख्खा मांडव शोषून वाळवणार होती. "वाढ गं पोरी," ती पुटपुटली, "तुटू नकोस."