बाळाची उशी

वडीगोद्रीच्या दुकानात पुष्पाबाईंनी होणाऱ्या नातवंडासाठी सगळ्यात मऊ उशी निवडली. सात महिन्यांच्या गरोदर सुनेनं, मीनानं, ती हळूच परत ठेवली.

"आत्याबाई, उशी नको. सिस्टर म्हणल्या, वर्षभर नुसती सपाट, घट्ट गादी. मऊ उशीत तोंड दबलं तर बाळाचा श्वास बंद होतो."

एकतीस वर्षांपूर्वी पुष्पाबाईंची चार महिन्यांची पहिली मुलगी झोपेतच गेली होती. बाळ पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना मऊ उशा त्यांनीच लावल्या होत्या. त्या सकाळी थोरल्या जावेनं, गयाबाईंनी, बाळाला खेळवलं होतं. त्यांचीच नजर लागली असं मनात धरून पुष्पाबाई आजवर त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

गावी परतल्यावर त्या घरी न जाता गयाबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अक्का, तुमची नजर नव्हती. माझ्याच उशीनं..."

गयाबाईंनी हात धरून त्यांना आत घेतलं.

"ठाऊक हाय मला, पुष्पे. तिच्या तोंडावरची उशी म्याच काढल्ती. तवा सांगितलं असतं, तर तू जगली नसतीस."