रेघेच्या खाली

पोहण्याच्या तलावाजवळ भिंतीवर एक लाल रेघ ओढलेली होती. डोकं रेघेला लागलं तरच खोल पाण्यात जायला मिळायचं. पिटुकली भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. टाचा जमिनीला, मान ताठ, श्वास रोखलेला. तिच्याहून दीड वर्षाने लहान भाऊ पलीकडे खोल पाण्यात सूर मारत होता.

पोहायला शिकवणारी बाई म्हणजे तिची सख्खी आत्याच. तिने पिटुकलीच्या डोक्यावर तळहात आडवा धरला.

"दोन बोटं राहिली गं."

पिटुकलीने श्वास सोडला आणि त्याबरोबर छातीतून बारीक शिट्टी वाजली. आत्याने खाली बसून तिच्या पाठीला कान लावला.

"सकाळी दम्याचा पंप घेतलास?"

"घेतला."

"माझ्याकडे बघून सांग."

पिटुकली पाण्याकडे बघत राहिली. पाण्याचा उजेड छतावर हलत होता. सगळी जागाच निळी होऊन झुलत असल्यासारखी.

"तोंडात धरते. दाबत नाही," ती म्हणाली. "वीस दिवस झाले. आई फोनवर मावशीला सांगत होती, पंपाने उंची खुंटते."

आत्याने पिशवीतून दम लागल्यावर घ्यायचा निळा पंप काढला आणि पिटुकलीच्या तोंडाशी धरला. पिटुकलीने मुकाट्याने श्वास ओढला. मग दोघी काठावर पाय सोडून बसल्या. शिट्टी विरून जाईपर्यंत आत्या तिची पाठ चोळत राहिली.

"डॉक्टरांना मीच विचारलं होतं. रोजच्या पंपाने उंची थोडी कमी राहू शकते, हे खरं. पण कितीशी? साधारण एवढी." आत्याने करंगळीचं नख पुढे केलं.

पिटुकलीने नख निरखून पाहिलं. "एवढीच?"

"एवढीच. सारखी धाप लागत राहिली तर त्यानेही वाढ अडते."

"मग माझी दोन बोटं कशी राहिली?"

"भाऊ आईवर गेलाय, तू आपल्यावर. आपलं घराणंच सावकाश वाढणारं. तुझा बाप कॉलेजात जाईपर्यंत स्टुलावर चढून आरशात भांग पाडायचा."

पिटुकली खुदकन हसली. हसताना खोकला आला नाही.

"आईला तू सांगशील?"

"तू सांगायचंस. घरी गेल्या गेल्या."

बाकीची मुलं कपडे बदलायला गेली. तलाव निवांत झाला. आत्या तिला घेऊन पाण्यात उतरली आणि पाठीखाली हात धरून तिला उताणी केलं. कान पाण्याखाली गेले तसे सगळे आवाज मिटले. उरला फक्त स्वतःचा श्वास, मोकळा. आत्याने अलगद हात काढून घेतले.

श्वास आत गेला की पोर पाण्यातून जराशी वर यायची. सोडला की तेवढीच खाली. खाली पाणी किती आहे, हे तिने विचारलंच नाही.