पडवीतल्या बॅटऱ्या

"रतनबाई, आजही सारवलंत?"

टेलिफोन खात्याचा इंजिनिअर नृसिंह याने दारातच कपाळाला हात लावला. घोडेगावच्या नव्या टेलिफोन एक्स्चेंजची जमीन ताज्या शेणाने हिरवीगार झाली होती, आणि तिच्या मधोमध यंत्राचं उंच लोखंडी कपाट उभं होतं.

"मंग? नवं मशीन हाय सायेब. ते काय उखनलेल्या भुईवर हुबं ऱ्हानार व्हय?" झाडलोट करणाऱ्या रतनबाईंनी हात पदराला पुसले. साहेब खूश होतील, अशी त्यांची खात्री होती.

त्यांची ही हौस नृसिंहाला तीन दिवस भोवत होती. शेण वाळलं की त्याची भुकटी उडायची आणि यंत्राच्या बारीक बारीक पट्ट्यांवर जाऊन बसायची. कपाटाची दारं लावली, तर आतल्या बॅटऱ्या आणि चार्जर तापून फ्यूज उडायचा. आज चार वाजता नगरहून मोठे साहेब फोन करणार होते. लागला नाही, तर उद्या ट्रक येऊन यंत्र दुसऱ्या गावाला नेणार, हे ठरलेलं होतं. घोडेगावला मग फोन कधी मिळाला असता, देव जाणे.

तो ब्रश घेऊन पट्ट्या झाडायला बसला. "उघडं ठेवलं तर धूळ, बंद ठेवलं तर तापतंय," तो स्वतःशीच वैतागून पुटपुटला.

रतनबाईंनी ते ऐकलं. कपाटात डोकावून त्यांनी बॅटऱ्यांवर हात धरून पाहिला.

"सायेब, गोठा आन् दान्याची कनगी एका खोलीत कुनी ठेवतं का?"

"म्हणजे?"

"ह्या बॅटऱ्यास्नी वास हाय, ऊब बी हाय. त्यास्नी पडवीत काढा. बाकीचं ऱ्हाऊ द्या आत, आन् लावा दारं."

नृसिंहाने खात्याचा नकाशा उलगडला. नकाशात सगळं एकाच कपाटात होतं. तो नकाशा पुण्यातल्या कुणीतरी पक्क्या, गार इमारतीसाठी काढला होता, हे त्याच्या आत्ता कुठे लक्षात येत होतं. त्याला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. त्याने नकाशाची घडी घालून खिशात कोंबली.

दोघांनी मिळून बॅटऱ्यांचे दोन्ही संच आणि चार्जर पडवीत हलवले. खिडकीतून जाड केबल आत घेतली. कपाटाची दारं रतनबाईंनी स्वतः लावली, आणि वर हातही फिरवला.

पावणेचारला बाजारातली पिठाची गिरणी घरघरत बंद पडली. गावाची वीज गेली होती. आता सगळी भिस्त बॅटऱ्यांवर होती. नृसिंह पडवीत बॅटरीची तार पान्याने आवळू लागला. हात ग्रीसने माखले होते.

चारला आत घंटा वाजली.

"उचला, रतनबाई. माझे हात खराब आहेत."

रतनबाईंनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी वर लोंबणाऱ्या विझलेल्या बल्बकडे पाहिलं.

"वीज? वीज मघाशीच गेली की सायेब," त्या म्हणाल्या. "पर तुमी बोला. समदं ऐकू येतंया."