कासव कोणाचं?

“आज या घराण्याचा इतिहास घडणार आहे!” थोरल्याने टेबलाशी उभं राहून जाहीर केलं.

“आधी टेबलावरचे वाळलेले कपडे उचल, मग घडू दे,” आई म्हणाली.

वडिलांनी मागे एकच सोन्याचं नाणं ठेवलं होतं. त्यावर कासव गुप्तहेराची छबी. त्याची चित्रकथांची पुस्तकं दोन्ही भावांनी लहानपणी एकाच पांघरुणात वाचून वाचून फाडली होती. नाणं विकायला दोघं तयार नव्हते, सोडायला तर मुळीच नाही. शेवटी नाणेफेक ठरली. पण सगळेच फोनवरून पैसे देणारे. घरात दुसरं नाणंच निघेना.

“मग हेच उडवू,” धाकटा म्हणाला.

“खुळा का तू? बोट लागलं तरी किंमत उतरते!”

“मग हातमोजे घाल.”

थोरल्याने लोकरीचे हातमोजे चढवले, सीलबंद डबी उघडली आणि नाणं उडवलं. ते लोकरीतून निसटलं आणि घरंगळत थेट कपाटाखाली गेलं. पन्नाशीतले दोघं भाऊ टॉर्च घेऊन शेजारी शेजारी पालथे पडले.

“कासव वर आहे का रे?”

“तुझं डोकं मध्ये आहे, दादा.”

“चौथ्या पुस्तकात तो असाच पलंगाखाली अडकतो, आठवतं?”

“तिसऱ्या.”

“चौथ्या!”

“अरे तिसऱ्या! पैज?”

अर्धा तास झाला, तरी दोघं खिदळत तिथेच. उठायचं कोणी नाव घेईना.

आई वाकली. “नाणं राहू दे तिथेच. माझा एक मोजा गेलाय खाली, तेवढा काढा.”