तपकिरी पट्ट्याचं पिल्लू

एडिनबरातल्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या सहकारी मॉर्वेननं दोन वर्षं खपून तपकिरी उंदराच्या भ्रूणातल्या मूळपेशींत एकच जनुक नेमकं मोडलं होतं. मुलांची फुप्फुसं नासवणारा आजार कसा होतो, ते त्यातून कळणार होतं. त्या पेशी तिनं काळ्या उंदरांच्या भ्रूणांत टोचल्या होत्या; ज्या पिल्लात त्या रुजतील त्याच्या काळ्या लवेवर तपकिरी पट्टा उमटणार होता, आणि त्या सकाळी एका पिल्लावर तो दिसला. तेवढ्यात भिंतीपलीकडे रस्ता फोडणारं ड्रिल सुरू झालं. बिथरलेल्या उंदरिणीनं आपल्याच एका पिल्लाचं डोकं फोडलं, मग दुसऱ्याचं, आणि ती त्यांना खाऊ लागली. मी पिंजऱ्यात हात घातला तेव्हा तिनं माझं बोट फाडलं, तरी पट्टेवालं पिल्लू मी ओढून काढलंच. मॉर्वेन बाहेर धावली आणि तिनं ड्रिलवाल्या डूगीच्या नाकावर ठोसा हाणला. "बाई, डोकं फिरलंय का तुमचं?" रक्त पुसत तो ओरडला. "आत चल आणि बघ, काय केलंस ते!" म्हणत तिनं त्याला कॉलर धरून आणलं. अर्धवट खाल्लेली पिल्लं बघून त्या धिप्पाड माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. मी वाचलेलं पिल्लू दुसऱ्या बाळंतीण उंदरिणीच्या पिंजऱ्यात ठेवलं. तिनं ते हुंगलं, पंजांनी उलटंपालटं केलं आणि मान दातांत धरून उचललं. "अहो, मारतेय ती त्याला! काढा ना बाहेर!" डूगी कळवळला. "हलू नकोस," मॉर्वेन कुजबुजली आणि त्याचं मनगट घट्ट धरून उभी राहिली. उंदरिणीनं पिल्लू आपल्या पिल्लांत नेऊन ठेवलं आणि सगळ्यांवर अंग पसरून ती दूध पाजू लागली.