रोजच्या दोनशे

"सिटअप्स आजपासून बंद," मनाली मॅडम म्हणाल्या.

गोविंदरावांना वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. शाळेत पीटी शिकवण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. त्यांची मुलगी अहल्या थाळीफेकीत राज्यापर्यंत पोचली ती त्यांच्याच हाताखाली. तिची कंबर दुखायला लागली तेव्हाही उपाय त्यांनीच काढला होता: रोज दोनशे सिटअप्स. पोट मजबूत झालं की कंबर आपोआप सुधारेल. तीन महिने झाले, दुखणं वाढतच होतं. निवड चाचणी आठ दिवसांवर आली, तेव्हा नाइलाजाने ते मुलीला घेऊन अकोटा भागातल्या या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आले होते.

"बंद? मग करायचं काय?"

मॅडमनी अहल्येला गादीवर उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले. "आता एक पाय फक्त वीतभर उचल. कंबर हलू द्यायची नाही. श्वास रोखायचा नाही."

पाय उचलताच अहल्येची कंबर एका बाजूला कलली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पोट थरथरायला लागलं.

गोविंदराव बघतच राहिले. "अहो, चाळीस मीटर थाळी फेकते ही!"

"जोर आहेच तिच्यात. पण आतले स्नायू कंबर धरून ठेवत नाहीयेत. आधी त्यांना शिकवावं लागेल. पायांची तपासणी राहिलीय अजून. आलेच मी." पलीकडच्या खोलीत कोणाचं तरी मशीन बंद करायचं होतं, त्या उठून गेल्या.

शेजारच्या पलंगावर एक गुजराती आजी गुडघे शेकत बसल्या होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं, तेच गोविंदरावांना जास्त लागलं.

"अहल्या, तुला काय येतं ते दाखव जरा."

"बाबा, दुखतंय."

"शंभरच."

तिने हात मानेमागे घेतले. ते मोजू लागले. चाळिसाच्या पुढे तिने डोळे मिटून घेतले. सत्तरला आजींनी टाळ्या वाजवल्या, "वाह दीकरा, वाह!"

मॅडम धावत आल्या तेव्हा आकडा शहाण्णववर होता. "थांबा! काय करताय तुम्ही?"

गोविंदराव शंभर पुरे करूनच थांबले. "चल गं."

अहल्या भिंतीला धरून उठली. दाराशी जाऊन तिने चपलांत पाय सरकवले आणि बाहेर पडली.

"अहल्या, चप्पल," मॅडम मागून म्हणाल्या.

"घातलीय की."

डावी चप्पल दारातच राहिली होती. अहल्या चार पावलं पुढे गेली होती. तिने खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता.

मॅडमनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. "गाडी बोलवा. हॉस्पिटलला जायचंय, आत्ताच्या आत्ता." त्यांचा आवाज पार बदलला होता.

गोविंदरावांनी गाडी बोलावली नाही. ते फरशीवर बसले. मुलीचं पाऊल त्यांनी मांडीवर घेतलं आणि अंगठ्यात नख रुतवलं. कातडी पांढरी पडली, तरी ते जोर वाढवत राहिले.

"कळतंय का गं?"

अहल्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत वाट पाहत होती.

"बाबा, दाबा ना."