टीव्ही बंद असताना

"जिन्याचा कठडा हलतोय हो, टेकू नका त्याला," माई दारातून म्हणाल्या.

अप्पा आणि 'रेडिओ' मिळून टीव्हीचा जुना, जड डबा खाली उतरवत होते. रेडिओ म्हणजे अप्पांचा तरुणपणापासूनचा मित्र. कोपऱ्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि बोलायला लागला की बंद व्हायचा नाही, म्हणून हे नाव.

"काय झालंय त्याला?" माईंनी विचारलं.

"उघडल्याशिवाय कळायचं नाही, वहिनी."

"चहा तरी घेऊन जा."

"नको, दुकान उघडं टाकून आलोय."

एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा रेडिओ या घरात मोजकंच बोले. उंबऱ्याच्या आत कधी टेकला नाही. वहिनींचा मान राखतो, असं अप्पा कौतुकानं सांगत.

खाली रस्त्यावर आल्यावर अप्पांनी आवाज उतरवला.

"दुरुस्त नको करूस. आतली तार मीच सोडवलीय. राहू दे तुझ्याकडे."

"अरे चोरा! बायकोला फसवतोस?" रेडिओ तोंडावर हात धरून हसला. त्याची जुनी सवय.

"फसवत नाही. संसार वाचवतोय."

अप्पांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. हात थरथरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं आणि घरी बसले. घरात टीव्ही सकाळी लागायचा तो झोपायच्या वेळी बंद व्हायचा. नवरा-बायकोत बोलणं उरलं होतं ते "आवाज वाढवा" आणि "मीठ सरकवा" एवढंच.

तेही चाललं असतं. पण अप्पा विसरायला लागले होते. हातातल्या चिमट्याला काय म्हणतात ते आठवेना. शेजाऱ्याचं नाव ओठांवर येऊन परत जाई. त्यांच्या वडिलांनी शेवटी शेवटी पोटच्या पोराला विचारलं होतं, "आपण कोण?" तो प्रश्न अप्पांच्या मानगुटीवर बसला होता. ही भीती त्यांनी एकट्या माईंनाच सांगितली होती.

डॉक्टर दोघांच्या देखतच म्हणाले होते, "टीव्ही कमी करा. माणसांशी बोला. जुन्या आठवणी काढा."

माईंना मालिका सोडवेनात. म्हणून अप्पांनी तार सोडवली.

पहिले काही दिवस दोघं रिकाम्या टेबलाकडे बघत बसले, घरातलं कुणी गेल्यासारखे. मग माईंनी माळ्यावरची लोकर काढली. मग खिडकी उघडली. मग संध्याकाळी दोघं फिरायला जाऊ लागले. समोरची शिंपीण म्हणाली, "अप्पा, काय खाता हल्ली? तरुण दिसायला लागलात!"

"टीव्ही खाणं सोडलं," अप्पा म्हणाले. कित्येक वर्षांनी त्यांना विनोद सुचला होता.

आणि माई बोलू लागल्या. दिवेलागणीला विणता विणता, डोळे अर्धवट मिटून.

"आठवतं? आपण होडीनं पलीकडे गेलो होतो. माझी ती पिवळी छत्री. वाऱ्यानं उलटी झाली, तू धरायला धावलास आणि धक्क्यावर आपटलास. पुढचा दात तुटला अर्धा. रक्त येत होतं आणि हसत होतास वेड्यासारखा."

एरवी 'अहो'शिवाय न बोलणाऱ्या माई या आठवणींत शिरल्या की अरे-तुरेवर येत. अप्पांना ते फार गोड वाटे.

त्यांनी जिभेनं कवळी चाचपली. दात तर सगळेच गेले होते. कुठला कधी गेला, कुणाला विचारणार?

"मला काहीच आठवत नाही गं," ते म्हणाले. डोळे भरून आले होते.

माईंच्या सुया क्षणभर थांबल्या. त्यांनी अप्पांकडे रोखून पाहिलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मला आठवतंय ना? दोघांचं मिळून एकानं आठवलं तरी पुरतं."

मग रोज संध्याकाळी अप्पाच म्हणू लागले, "ते होडीचं सांग ना." माई सांगत. सांगताना त्यांच्या गालांवर चढणारा रंग अप्पांनी लग्नातही पाहिला नव्हता. दाढी करताना अप्पा सगळं घोकत. होडी, वारा, छत्री, दात. हळूहळू धक्क्याचं ओलं फळकूट पायाला लागू लागलं. वारा कानात शिरू लागला. एका सकाळी तर त्यांना माईंचं ते तरुण हसू स्पष्ट ऐकू आलं. आपण वडिलांच्या वाटेनं जाणार नाही. अप्पा लहान मुलासारखे रडले.

तसेच चपला घालून ते दुकानात गेले. रेडिओ एका उघड्या टीव्हीच्या पाठीत डोकं खुपसून बसला होता. आत कसलीशी तार जोडत होता.

"आमचा तो डबा विकून टाक," अप्पा दारातूनच ओरडले. "नको आता आम्हाला!"

"का रे? लॉटरी लागली?"

"त्याहून मोठं. मला आठवायला लागलंय! तुला कधी सांगितलंच नाही मी. कुणालाच नाही. लग्नाच्या आसपासची गोष्ट असेल. मी आणि ही होडीनं पलीकडे गेलो होतो. दोघंच. होडीवालासुद्धा माघारी गेलेला. धक्क्यावर चिटपाखरू नाही."

रेडिओनं डोकं आणखी आत खुपसलं. त्याचे हात तेवढे चालू होते.

"मनावर घेतलं तर सगळं परत येतं बघ," अप्पा स्टुलावर बसत म्हणाले. "आत्ता डोळ्यांसमोर दिसतंय मला. वारा असा सुटला, असा सुटला, की हिच्या हातातली ती लाल छत्री..."

"पिवळी," रेडिओ कामाच्या नादात म्हणाला.